क्लॉक रिपोर्टचे डिफॉल्ट ठरवताना: काय सेटिंगमध्ये ठेवायचं आणि काय रिपोर्टवरच लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या ऑर्ग-मोडमध्ये (नोंदी आणि कामं सांभाळायच्या सोयीत) घड्याळ लावून दोन क्लायंटचं काम करता. एकाला दर शुक्रवारी आठवड्याचे तास पाठवायचे, दुसऱ्याला महिन्याचे. प्रत्येक वेळी क्लॉकटेबल, म्हणजे घड्याळाच्या नोंदींवरून तासांची बेरीज दाखवणारा तक्ता, टाकला की त्याच त्या पाच-सहा गोष्टी हातानं लिहाव्या लागतात, मग त्या कायमच्या डिफॉल्टमध्ये टाकून मोकळं व्हावं का, आणि टाकायच्या तर त्यांच्या कोणत्या किमती (व्हॅल्यू) ठेवाव्यात? शिवाय ४० तासांची बेरीज '१ दिवस १६ तास' अशी का दिसते, हेही तुम्ही विचारलंय.

मी इंग्रजी-मराठी तांत्रिक भाषांतर आणि संपादन करते. बहुतेक काम तासाच्या दरानं असतं आणि गेली बारा वर्षं त्याची नोंद ऑर्गमध्येच आहे. सगळं एकदाच डिफॉल्टमध्ये टाकून द्यायचं, हे मीही सुरुवातीला केलं होतं. त्याचा त्रास पुढे झाला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. सेटिंग आणि आज्ञांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या इनिट फाइलमध्ये (इमॅक्सची सेटिंग लिहायच्या फाइलमध्ये) ती रोमन अक्षरांत जातील आणि तारखाही रोमन आकड्यांत.

टायपिंग किती वाचेल हा माझ्या मते इथला खरा प्रश्न नाही. सहा महिन्यांनी हाच रिपोर्ट उघडला तर तो तेव्हाही तोच आकडा दाखवेल का, आणि मी एखादी गोष्ट लिहायला विसरले तर तो चुकीचा आकडा खरा म्हणून समोर ठेवेल का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. क्लॉकटेबल हा दिसायला साधा तक्ता असला तरी दर वेळी ताज्या नोंदींवरून नव्यानं मोजला जातो. ऑर्ग-मोड २००३ मध्ये कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच्या नोंदी आणि प्रकल्प सांभाळायला सुरू केलं. 'माझा वेळ कुठे गेला' हे स्वतःपुरतं पाहायला त्याचे मूळ डिफॉल्ट उत्तम आहेत. त्याच तक्त्यावरून दुसऱ्याकडे पैसे मागायचे असतील तर मात्र त्यातली एकेक किंमत तपासून घ्यावी लागते.

म्हणून मी एक सरळ विभागणी करते. तक्ता दिसतो कसा, हे डिफॉल्टमध्ये. तक्ता कोणत्या काळाचा आणि कोणत्या कामांचा, हे त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीवरच, पूर्ण लिहिलेलं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आता ऑर्गमध्ये ही डिफॉल्ट ठेवायच्या जागा दोन आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. एक आहे ऑर्ग-क्लॉकटेबल-डिफॉल्ट्स. ही लांबलचक यादी तक्ता मोजला जातो त्या क्षणी वापरली जाते. दुसरी आहे ऑर्ग-क्लॉक-क्लॉकटेबल-डिफॉल्ट-प्रॉपर्टीज. हिच्यातल्या गोष्टी नवीन तक्ता टाकताना त्याच्या 'बिगिन' ओळीवर, म्हणजे पहिल्या ओळीवर, अक्षरशः लिहिल्या जातात. फरक बारीक वाटतो, पण परिणाम मोठा आहे. पहिल्या यादीत आज बदल केला, तर दोन वर्षांपूर्वीचा तक्तासुद्धा पुढच्या वेळी ताजा करताना नव्या नियमानं मोजला जाईल. दुसऱ्या यादीत केलेला बदल फक्त यापुढच्या तक्त्यांना लागतो, कारण जुन्यांच्या ओळीवर जुनी किंमत आधीच लिहिलेली असते.

याचंच उलट टोक असं की ओळीवर लिहिलेलं नेहमी जिंकतं. दुसऱ्या यादीत मुळातच 'मॅक्सलेव्हल २' असतं, म्हणजे शीर्षकांच्या दोनच पातळ्या दाखवायच्या. त्यामुळे लोक पहिल्या यादीत मॅक्सलेव्हल ३ करतात, नवा तक्ता टाकतात, आणि काहीच बदललं नाही म्हणून वैतागतात. तक्त्याची पहिली ओळ वाचली की कारण दिसतं: तिथं २ लिहून आलेलं असतं. मॅक्सलेव्हल बदलायचा तर दुसऱ्या यादीत बदला.

पहिल्या यादीला हात लावताना ती संपूर्ण नव्यानं लिहू नका. तिच्यातल्या हव्या त्या किल्लीची (म्हणजे सेटिंगच्या नावाची) किंमत प्लिस्ट-पुट या फंक्शननं बदला. पूर्ण यादी स्वतःची टाकली की स्तंभांची भाषा, शीर्षकांची रुंदी वगैरे आपण न लिहिलेल्या किल्ल्या गळून पडतात. पुढच्या आवृत्तीत नवी किल्ली आली तर तीही तुमच्यापर्यंत पोचत नाही.

काळ डिफॉल्टमध्ये का ठेवायचा नाही, ते माझ्या बाबतीत काय झालं त्यावरून सांगते. माझ्या डिफॉल्टमध्ये काळ ठरवणाऱ्या 'ब्लॉक' या किल्लीला 'धिसमंथ' म्हणजे चालू महिना अशी किंमत होती. ३१ मार्चला तक्ता केला, ६२ तास आले, बिल गेलं. एप्रिलमध्ये क्लायंटच्या हिशेब विभागातून फोन आला की कामनिहाय तास सांगा. मी फाइल उघडली आणि सवयीनं तक्त्याच्या पहिल्या ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबलं. तक्ता ताजा झाला, तोही एप्रिलचा. समोर ९ तास. मार्चच्या तारखा हातानं घालून पुन्हा मोजला तर ६१ तास २० मिनिटं आली, कारण बिल पाठवल्यावर मी एक विसरून चालू राहिलेली नोंद दुरुस्त केली होती. चूक ४० मिनिटांचीच होती, पण आपलाच आकडा आपल्याला सिद्ध करता येत नाही ही अवस्था फार वाईट असते.

तेव्हापासून बिलाच्या तक्त्यावर 'हा आठवडा', 'मागचा महिना' असे सरकते शब्द मी लिहीत नाही. आठवडा असेल तर २०२४-डब्ल्यू३७, महिना असेल तर २०२४-०९, तिमाही असेल तर २०२४-क्यू३, असं ठाम लिहिते. बिल पाठवलं की त्या तक्त्याची निर्यात केलेली प्रत वेगळी ठेवते, म्हणजे नंतर नोंदी दुरुस्त केल्या तरी पाठवलेला कागद जसाच्या तसा राहतो. सरकते शब्द वाईट नाहीत. रोज सकाळी स्वतःसाठी बघायचा एक तक्ता माझ्याकडे आहे आणि त्यावर 'धिसवीक' (चालू आठवडा) हेच बरोबर आहे. फक्त तो तक्ता मी कुणाला पाठवत नाही.

यावर तुम्ही म्हणाल की मग टायपिंग वाचलं कुठं? वाचतं. कर्सर तक्त्याच्या पहिल्या ओळीवर ठेवून शिफ्टबरोबर उजवा बाण दाबला की डब्ल्यू३७ चा डब्ल्यू३८ होतो आणि तक्ता नव्यानं मोजला जातो. डाव्या बाणानं मागे जाता येतं. मागच्या शुक्रवारचा तक्ता पहिल्या ओळीसकट कॉपी करून खाली चिकटवायचा आणि एकदा शिफ्ट-उजवा दाबायचा, माझं दर आठवड्याचं काम एवढंच आहे. याहूनही कमी हवं असेल तर ऑर्ग-कॅप्चरचा, म्हणजे झटपट नोंद टाकायच्या सोयीचा, साचा करा. त्यात तारखेची खूण घालून आठवड्याचा क्रमांक आपोआप लिहून घेता येतो. फक्त वर्षासाठी मोठा 'वाय' न वापरता मोठा 'जी' वापरा, म्हणजे आठवड्याच्या क्रमांकाशी जुळणारं वर्ष येईल. ३० डिसेंबर २०२४ चा सोमवार हा २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. साध्या वर्षाच्या खुणेनं तिथं '२०२४ चा पहिला आठवडा' लिहिलं जाईल आणि तक्ता गेल्या जानेवारीचे तास दाखवेल.

व्याप्तीचं, म्हणजे 'स्कोप'चं, असंच. रिपोर्ट टाकण्याची आज्ञा कर्सर कुठे आहे ते पाहते. कर्सर फाइलच्या माथ्यावर, पहिल्या शीर्षकाच्या वर असेल तर स्कोप 'फाइल' होतो. एखाद्या शीर्षकाखाली असेल तर 'सबट्री', म्हणजे फक्त त्या शीर्षकाच्या पोटातलं. आपण बहुतेक जण 'रिपोर्ट' नावाचं वेगळं शीर्षक करून त्याखाली तक्ता टाकतो. तिथं घड्याळ कधीच लावलेलं नसतं, त्यामुळे बेरीज शून्य येते आणि माणूस सगळ्या नोंदी तपासत बसतो. दुसऱ्या यादीत स्कोप लिहिला की हा प्रकार थांबतो.

पण कोणता स्कोप? हे तुमची मांडणी कशी आहे त्यावर ठरेल. माझ्याकडे प्रत्येक क्लायंटची वेगळी फाइल आहे, म्हणून मला 'फाइल' या कुळातलंच काहीतरी पुरतं. सगळे क्लायंट एकाच फाइलमध्ये असतील तर प्रत्येकाच्या पहिल्या पातळीच्या शीर्षकाखाली तक्ता ठेवून 'सबट्री' चांगलं. कामं अनेक फाइलींत विखुरलेली असतील तर 'अजेंडा', म्हणजे ऑर्गच्या अजेंडात घातलेल्या सगळ्या फाइली. तुमचे क्लायंट दोनच आहेत. अजून एकच फाइल असेल तर ती वेगळी करा असं मी सुचवेन. एका क्लायंटला पाठवायच्या कागदात दुसऱ्याचं नाव चुकून जाण्याची शक्यताच मग उरत नाही.

मी 'फाइल' न म्हणता 'फाइल या कुळातलं' म्हटलं, त्याला कारण आहे. काम संपलं की ते शीर्षक अर्काइव्हमध्ये हलवायची मला सवय आहे. अर्काइव्ह ही डिफॉल्टनं वेगळी फाइल असते, आणि साध्या 'फाइल' स्कोपमध्ये ती मोजली जात नाही. एका ऑगस्टमध्ये महिन्याच्या मधेच संपलेली चार कामं मी नीटनेटकेपणानं अर्काइव्ह केली. महिनाअखेरच्या तक्त्यात त्यांचे तास नव्हते. ११ तासांचं बिल लागलंच नाही, आणि हे मला दोन महिन्यांनी कळलं. तक्ता कुठेही 'काही नोंदी वगळल्या' असं सांगत नाही, आणि सांगणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीनं त्या नोंदी त्या फाइलमध्ये नाहीतच. तेव्हापासून माझ्या दुसऱ्या यादीत स्कोपची किंमत 'फाइल-विथ-अर्काइव्ह्ज' आहे. अजेंडा वापरणाऱ्यांसाठी 'अजेंडा-विथ-अर्काइव्ह्ज' आहे. फाइली मोठ्या असतील तर तक्ता मोजायला थोडा वेळ लागतो, तेवढा लागू द्या. स्कोपची ही किंमत मी डिफॉल्टमध्ये ठेवते, पण पहिल्या यादीत न ठेवता दुसऱ्या यादीत, म्हणजे ती ओळीवर लिहून येते आणि डोळ्यांना दिसते.

आता '१ दिवस १६ तास'. याचा क्लॉकटेबलशी थेट संबंध नाही. कालावधी कसा लिहायचा हे ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट ठरवतं. त्याच्या मूळ किमतीत २४ तास झाले की एक दिवस वेगळा काढला जातो, म्हणून ४० तासांचे १ दिवस १६ तास. क्लायंटच्या डोक्यात 'दिवस' म्हणजे आठ तास असतो, त्यामुळे हे रूप बिलात गेलं तर गैरसमज ठरलेला. ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट 'एच:एमएम' करा, ४०:०० दिसेल. हे सेटिंग ऑर्ग ९.१ पासून आहे. त्याआधीच्या काळातले लेख वाचून कुणी ऑर्ग-टाइम-क्लॉकसम-फॉरमॅट बदलायला सांगत असेल तर ते आता लागू नाही. हा बदल सगळीकडे लागतो, अंदाजाच्या वेळांना आणि मोड-लाइनलाही (खिडकीच्या तळाच्या माहितीच्या ओळीलाही). मला त्याची अडचण कधी झाली नाही.

पैशांच्या बाबतीत इथं एक खड्डा आहे. ७:३० म्हणजे साडेसात तास, पण बिलाच्या एक्सेलमध्ये हात सहज ७.३० टाइप करतो. दर ८०० रुपये धरला तर साडेसात तासांचे ६,००० होतात आणि ७.३० चे ५,८४०. एका ओळीत १६० रुपये गेले, आणि बेरीज इतकी विश्वासार्ह दिसते की कुणाला शंका येत नाही. दशांशातले तास हवे असतील तर ते हातानं करू नका. ऑर्गच्या तक्त्यात सूत्राच्या शेवटी लहान 'टी' हा ध्वज दिला की तो ७:३० ला ७.५० करून देतो.

मॅक्सलेव्हलबद्दल लोक जेवढी काळजी करतात तेवढी करायची गरज नाही. मॅक्सलेव्हल २ असेल तर तिसऱ्या-चौथ्या पातळीचे तास हरवत नाहीत, ते वरच्या शीर्षकात जमा होऊनच येतात. फक्त त्यांची वेगळी ओळ दिसत नाही. तेव्हा बिलात एक ओळ म्हणजे काय, ते आधी ठरवा. माझ्याकडे पहिली पातळी प्रकल्प, दुसरी प्रकरण किंवा पुस्तिका, तिसरी भाषांतर-तपासणी-दुरुस्ती अशी कामं. क्लायंटला तिसरी पातळी बघायची असते, म्हणून माझ्याकडे ३. तुमच्या आठवड्याच्या क्लायंटला बहुधा २ पुरेल, महिन्याच्या क्लायंटला कदाचित १. ही किंमत दोघांसाठी वेगळी असेल तर डिफॉल्टची चर्चाच नको, प्रत्येकाच्या ओळीवर लिहा.

बिल लागणारं आणि न लागणारं काम एकाच फाइलमध्ये असेल, म्हणजे मीटिंग, अंदाजपत्रक, स्वतःचं शिकणं वगैरे, तर टॅग वापरून 'मॅच' लावा. पण त्याची जोडी करायला विसरू नका: एक तक्ता टॅग असलेल्यांचा, दुसरा तोच टॅग नसलेल्यांचा. दुसरा तक्ता क्लायंटला जात नाही, तो माझ्यासाठी असतो. टॅग द्यायचं राहून गेलेलं काम तिथंच सापडतं. 'मॅच' हे डिफॉल्टमध्ये कधीही ठेवू नका. गाळणी लावली आहे हे आपणच विसरतो आणि उरलेले तास कुठे गेले ते शोधत बसतो.

दिसण्याच्या ज्या गोष्टी मी बेधडक पहिल्या यादीत ठेवते, त्या पटकन सांगते. 'फाइलस्किप०' चालू, म्हणजे शून्य तासांच्या फाइली दिसत नाहीत. 'स्टेपस्किप०' चालू, म्हणजे दिवसवार तक्ते काढताना रिकामे दिवस गळतात. 'इंडेंट' (खालच्या पातळीची शीर्षकं आत सरकवणं) चालूच असतो, तो तसाच. टक्केवारीचा स्तंभ हवा असेल तर 'फॉर्म्युला'ला फक्त टक्क्याचं चिन्ह द्यावं लागतं, पण तो मी डिफॉल्ट करत नाही. क्लायंटला टक्केवारी दाखवली की चर्चा कामावरून टक्क्यांवर जाते. 'लिंक' (तक्त्यातून थेट मूळ शीर्षकावर नेणारी) स्वतःसाठी सोयीची आहे, पाठवायच्या कागदात नको.

आठवडा कुठून सुरू होतो, हे 'डब्ल्यूस्टार्ट' ठरवतं आणि ते मुळात १ म्हणजे सोमवार आहे. आपल्याकडे बहुतेकांना तेच हवं असतं. तुमचा क्लायंट आखातातला असेल तर मात्र विचारून घ्या. संयुक्त अरब अमिरातीनं जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा सोमवार ते शुक्रवार केला, पण ओमान, कतार, कुवेत, सौदी अरेबियात रविवार ते गुरुवार चालतो. तिथल्यांसाठी 'डब्ल्यूस्टार्ट' शून्य करता येतं. पण डब्ल्यू३७ सारखा क्रमांक मुळात सोमवारपासूनच्या आठवड्याचा असतो, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी मी सरळ 'टीस्टार्ट' आणि 'टीएंड' या दोन तारखा लिहिते. काही क्लायंटचा बिलाचा महिना २६ ते २५ असतो, तिथंही हेच करते.

'टीएंड' लिहिताना लक्ष ठेवा. नुसती तारीख दिली तर ती त्या दिवशीच्या रात्री बारापासून, म्हणजे दिवस सुरू होतानाची धरली जाते. २५ तारखेपर्यंतचे तास हवे असतील तर 'टीएंड' २६ लिहावं लागतं. नाहीतर पंचवीस तारखेचं सगळं काम गायब होतं, आणि बिलाच्या आदल्या दिवशी आपण सगळ्यात जास्त काम केलेलं असतं. मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली एकच नोंद असेल तर काळजी नको. तक्ता तिचा त्या काळात बसणारा भागच मोजतो.

आणखी एक, क्लायंट परदेशातला असेल तर. ऑर्गच्या वेळेच्या नोंदीत टाइमझोन नसतो. तिथं लिहिलेली वेळ म्हणजे तेव्हा तुमच्या संगणकाच्या घड्याळात जी होती ती. अमेरिकेतल्या क्लायंटचा रविवार संपण्याआधी आपला सोमवार उजाडलेला असतो. आठवडा भारतीय वेळेनं मोजला आहे, असं पहिल्याच बिलावर एका ओळीत लिहून टाका. मी लिहिते, आणि त्यानंतर कुणी हरकत घेतलेली नाही.

मराठीत शीर्षकं लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. शीर्षकाची रुंदी 'नॅरो' ठरवतं आणि त्याची मूळ किंमत ४० अक्षरांवर कापणारी आहे. मराठी शीर्षकं माझ्याकडे अपेक्षेपेक्षा आधी कापली जायची, म्हणून मी ती किंमत ७० केली. देवनागरी अक्षरांची रुंदी रोमनसारखी एकसारखी नसल्यामुळे तक्त्याच्या उभ्या रेघाही वाकड्या दिसतात. आकडे बरोबरच असतात, पण डोळ्यांना खटकतं. व्हीअलाइन नावाचं पॅकेज रुंदी पिक्सेलमध्ये मोजून रेघा सरळ करतं. निर्यात केलेल्या कागदात हा प्रश्न येतच नाही. आणि स्तंभांची नावं मराठीत हवी असतील तर ऑर्ग-क्लॉक-क्लॉकटेबल-लँग्वेज-सेटअप या यादीत मराठीची ओळ घाला: फाइल, पातळी, वेळनोंद, शीर्षक, वेळ, सर्व, एकूण वेळ, फाइलचा वेळ, आणि गोषवाऱ्याचं शीर्षक. मग 'लँग' या किल्लीला मराठीचं नाव द्या. माझे दोन क्लायंट मराठी प्रकाशक आहेत. त्यांच्या कागदावर 'एकूण वेळ' असं मराठीत आलं याचा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता मूळ नोंदींबद्दल थोडं, कारण नोंदच चुकीची असेल तर तक्त्याचं सेटिंग काही करू शकत नाही. ऑर्ग-क्लॉक-राउंडिंग-मिनिट्स शून्यच राहू द्या. बिल १५ मिनिटांच्या पटीत लावायचा करार असला तरी घड्याळाच्या नोंदी खऱ्या मिनिटांत ठेवा आणि पूर्णांक करणं बिलाच्या पायरीवर करा. नोंदीतच गोल केलेली मिनिटं परत मिळत नाहीत. दुसरा क्लायंट ६ मिनिटांच्या पटीत मागायला लागला तर मग काही हातात राहत नाही. शून्य मिनिटांच्या नोंदी काढून टाकणारं सेटिंग मात्र चालू करा. घड्याळ चुकून लावून लगेच बंद केलं की त्या साचतात.

घड्याळ बंद करायला विसरणं हा सगळ्यांचाच त्रास. ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम मुळात बंद असतं. मी ते १५ मिनिटांवर ठेवलंय. परत आल्यावर ऑर्ग विचारतं की मधला वेळ ठेवायचा की वजा करायचा. लिनक्सवर यासाठी एक्सप्रिंटआयडल हा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असू द्या. तो नसेल तर ऑर्ग काही वेळा फक्त इमॅक्समधली हालचाल बघतं, आणि तुम्ही ब्राउझरमध्ये क्लायंटचं काम करत असलात तरी तुम्हाला रिकामं समजतं. चालू असलेलं घड्याळ तक्त्यात धरलं जात नाही, हे डिफॉल्ट योग्य आहे, तसंच राहू द्या. फक्त शुक्रवारी रिपोर्ट काढण्याआधी घड्याळ बंद करा.

अजेंडात मोठा 'आर' दाबून जो क्लॉक रिपोर्ट दिसतो, त्याच्या खास सेटिंगची यादी वेगळी आहे: ऑर्ग-अजेंडा-क्लॉकरिपोर्ट-पॅरामीटर-प्लिस्ट. तिथंही मॅक्सलेव्हल २ वेगळं लिहिलेलं असतं. दोन ठिकाणचे तक्ते वेगवेगळे दिसले तर आधी तिथं बघा. माझ्यासाठी अजेंडाचा जास्त उपयोग वेगळाच आहे. त्यात 'व्ही' आणि मग 'सी' दाबलं की ऑर्ग दिवसभराच्या नोंदी तपासतं. एकमेकींवर चढलेल्या नोंदी, पाच मिनिटांहून मोठी मोकळी जागा, दहा तासांहून लांब एकच नोंद, हे सगळं ते खुणा करून दाखवतं. पहाटे चारच्या आसपासची मोकळी जागा ते झोप म्हणून सोडून देतं. दर शुक्रवारी तक्त्याआधी हे एकदा बघते, दोन मिनिटं लागतात.

तर तुमच्यासाठी माझी सूचना अशी. ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट 'एच:एमएम'. पहिल्या यादीत फाइलस्किप०, स्टेपस्किप० चालू, शीर्षकं मराठी असतील तर नॅरो ७०. दुसऱ्या यादीत मॅक्सलेव्हल तुमच्या बिलाच्या ओळीप्रमाणे (दोघांसाठी वेगळा असेल तर तो प्रत्येकाच्या तक्त्यावरच) आणि स्कोप फाइल-विथ-अर्काइव्ह्ज. काळ आणि गाळणी दोन्ही याद्यांतून बाहेर. आठवड्याच्या क्लायंटच्या फाइलमध्ये एक तक्ता, दर शुक्रवारी कॉपी आणि शिफ्ट-उजवा. महिन्याच्या क्लायंटचंही तसंच.

हे सगळं बसवल्यावर, आधी बिल पाठवून झालेला एखादा आठवडा घ्या, ज्याचा आकडा तुम्हाला माहीत आहे. त्याचा तक्ता नव्या सेटिंगनं काढा आणि त्या आठवड्याच्या 'क्लॉक' ओळी कागदावर बेरीज करून बघा. ओळी बहुधा तीस-चाळीसच असतील. फरक आला तर आधी अर्काइव्ह बघा, मग आठवड्याच्या शेवटच्या दिवसाची सीमा, मग टॅग. आणि आकडा जुळला तर जुन्या बिलाशीही ताडून पाहा. जुनं बिलच कमी निघालं तर क्लायंटला तसं कळवा. मी ते ११ तास दोन महिन्यांनी तक्त्यासह कळवले आणि ते पुढच्या बिलात मिळाले.